मिसरीचं बोट

पनवेलजवळच्या नावड्यात बायजाबाईच्या घरी आम्ही भाड्यानं राहायला गेलो त्या दिवशी तिनं मला दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, आम्ही कोण. दुसरी, मी मिसरी लावते का. पहिलीचं उत्तर मी मान ताठ ठेवून दिलं, की आम्ही बौद्ध, महाडकडचे. दुसरीला नाही म्हटलं. जात तिनं निमूट ऐकून घेतली, पण मिसरी लावत नाही म्हटल्यावर तिला माझी खरोखरची काळजी वाटली. तिशीच्या आत माझे दात हलायला लागतील, असं तिनं मला तिथल्या तिथं सांगून टाकलं.

हे १९७८ सालचं. माझे मिस्टर धर्मराज तळोज्याला एका रंगाच्या कारखान्यात लागले होते आणि मी गावात बालवाडी चालवायचे. बायजाबाईचं घर कौलारू, पुढं पडवी, मागं परस. कडेच्या दोन खोल्या आमच्या, मधे कुडाची भिंत. त्या भिंतीतून पलीकडचं बोलणंही यायचं आणि पलीकडचा वासही. बायजाबाई तंबाखू भाजायला बसली की माझ्या पोरीला ठसका लागायचा, आणि मी भांडायला उठले की धर्मराज मला घरमालकिणीशी भांडू नकोस म्हणून खाली बसवायचे.

ज्यांना मिसरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, फडक्यातून चाळायची आणि चिमूटभर बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची. उरलेली गालात धरून बसायचं. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, आणि चार बाया एकत्र आल्या की हमखास. बायजाबाईच्या हातच्या मिसरीला गावात फार मान. कुणाचं पोर दाढ दुखते म्हणून रडत आलं तरी बायजाबाईचं बोट त्याच्या तोंडात जायचं आणि पोर गप्प व्हायचं. मिसरीनं दुखणं बधिर होतं, एवढं खरं होतं. पुढं जे झालं ते याच एवढ्याशा खरेपणानं झालं.

पण गावाला ती माहीत होती ती धवलारीण म्हणून. आगरी लोकांत लग्नाचे विधी बाई गाऊन करते. तिच्या गाण्यांना धवले म्हणतात. मांडवात उंबराची फांदी लावण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचा धवला लागतो, त्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. भटजी यायचा, अक्षता पडल्या की जेवून जायचा. बाकी सगळं लग्न बायजाबाईच्या तोंडून लागायचं. ती तरुणपणीच विधवा झालेली. आमच्यात काय किंवा आणखी कुणात काय, विधवेला मांडवाच्या मागच्या बाजूला उभी करतात. हिच्यासाठी मात्र नवऱ्या मुलाची आई पाट मांडून वाट बघत बसायची. मला ते बघायला फार आवडायचं.

धवले कुठं लिहिलेले नव्हते. ते तिच्या सासूच्या तोंडून तिला आले होते. तिचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता, जाडाभरडाच होता, पण सुरू झाला की बाया हातातलं काम टाकून मांडवाकडं निघायच्या. गायच्या आधी ती चिमूटभर मिसरी डाव्या गालात ठेवायची. त्यानं घसा मोकळा राहतो म्हणायची. हंगाम नसला तरी सकाळी तव्यापाशी बसून ती स्वतःशीच धवले म्हणत राहायची आणि मी भिंतीच्या अलीकडं भाकऱ्या थापत ऐकायचे. त्यातले कितीतरी मला अजून येतात. पण माझ्यासारखीला आगऱ्यांच्या मांडवात धवला म्हणायला कोण बोलावणार?

एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला पडवीच्या कोनाड्यात आमच्यासाठी एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. मी तो दिसला की चहा नको म्हणायचे, आणि बायजाबाईला वाटायचं मला चहा आवडत नाही. मग एकदा माझी पोर तापानं फणफणली, धर्मराज ड्युटीवर, आणि बायजाबाई तिला मांडीवर घेऊन दिवसभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. त्यानंतर तो कप कधी तरी कोनाड्यातून नाहीसा झाला. मी चहा प्यायला लागले.

घरात तिचा मुलगा गोटीराम, सून दुर्गाबाई आणि नात जाई. शेती कारखान्यांसाठी गेलेली, गोटीराम त्यातल्याच एका कारखान्यात वॉचमन झाला होता. माणूस भला, पण स्वतःचं मत म्हणून नाही. घरात बायजाबाई म्हणेल ती पूर्व दिशा. आणि बायजाबाईचा सगळा जीव जाईत. ही पोर आजीच्या मागं मागं फिरायची, पण धवला शिक म्हटलं की तोंड फिरवायची. तिला लग्नात वाजणारी बेंजो पार्टी आवडायची. बायजाबाई रागवायची, आणि मग तिलाच हातानं माशाचे काटे काढून भरवायची.

१९८३ च्या दिवाळीत माझ्या लक्षात आलं की बायजाबाई एकाच बाजूनं चावते. मग तिखट बंद झालं, मग सुकट बंद झाली. विचारलं तर म्हणाली, पानातल्या चुन्यानं गाल भाजलाय. पनवेलला कुणा डॉक्टरनं मलम दिलं होतं, ते तिनं लावलंही. पण मलमानं गोडवट चव येते म्हणून ती त्यावर मिसरी लावायची. दुखायला लागलं की आणखी लावायची, कारण लावली की दुखायचं थांबायचं. ज्यानं जखम झाली त्याचाच लेप जखमेवर चालला होता, आणि हे त्या घरात कुणालाही चुकीचं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं. मला नुसता त्या वासाचा राग होता.

पौषात परळच्या मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर गावच्या शाळेत तोंडं तपासायला आले. गावात हसू झालं. मुली बघायला येतात तसे हे तोंडं बघायला आले म्हणून पुरुषमंडळी चेष्टा करत होती. मी बायजाबाईला जवळजवळ ओढतच नेली. एक तरुण डॉक्टरीण होती, प्रत्येकीशी हसून बोलत होती. बायजाबाईनं तोंड उघडलं, डॉक्टरिणीनं टॉर्च आत धरला आणि मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. मीही वाकून पाहिलं. डाव्या गालाच्या आत, बरोबर मिसरी ठेवायच्या जागी, पांढरट कडांची खोल जखम होती.

गोटीराम, ती आणि मी एसटीनं परळला गेलो. जखमेचा तुकडा काढून तपासला आणि पुन्हा बोलावून डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे. गोटीराम उठून बाहेर गेला तो आत आलाच नाही. मग सगळं मलाच ऐकावं लागलं. गालाचा भाग कापावा लागेल, जबड्याचं थोडं हाड जाईल, नंतर किरणांचा शेक द्यावा लागेल. अजून मानेच्या गाठींत उतरलेला नाही, लगेच केलं तर बाई जगेल. मी विचारलं, गाता येईल का? डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि बोलता आलं तरी पुष्कळ म्हणाले. मिसरी आजपासून बंद, हेही बायजाबाईला समजावून सांगितलं. तिनं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

परतताना ती खिडकीशी बसली होती. खाडीचा पूल आला. मग आमच्या दोघांकडं न बघताच म्हणाली, "जाईचा लगीन वैशाखान हाय. तवर घरान कोनी काय बोलाचा नाय."

जाईचं लग्न दिघ्याला ठरलं होतं. मुलगा ठाण्याला कंपनीत, घर चांगलं, जाईलाही पसंत. घरात असा रोग आहे कळलं तर ते लोक मागं फिरणार, याबद्दल बायजाबाईच्या मनात शंका नव्हती, आणि प्रामाणिकपणे सांगते, माझ्याही नव्हती. त्या काळी कॅन्सर म्हटलं की लोक दारावरूनच परत जायचे. मी म्हटलं, ऑपरेशन करून घे, बाहेर काहीही सांगू, दाढ काढली म्हणू. त्यावर ती हसली.

"मी धवला म्हनला नाय, त समदी इचारतील आजी का गप बसली. काय सांगशील तू त्याना?"

आजी धवलारीण आणि नातीच्या मांडवात गप्प, असं झालं असतं तर हळद लागायच्या आधी बातमी दिघ्याला पोचली असती. दुसरी धवलारीण आणा म्हटलं तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तो शब्द काढला नाही. लग्न अलीकडं घ्या म्हटलं तर मुलाकडचे का म्हणून विचारणार. मी गोटीरामशी भांडले, आई तुझी आहे, तू उचलून ने म्हटलं. तो म्हणाला, आई ऐकत नाही. दुर्गाबाई चुलीपाशी बसून रडत होती, पण जाईचं लग्न मोडावं असं तिलाही वाटत नव्हतं. कुठल्या आईला वाटेल? मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं हेही सुचत नव्हतं.

तर अशी ती वैशाखाची वाट बघत राहिली. मिसरी तिनं सोडली नाही. दुखणं दाबायला दुसरं काही घेतलं तर लोकांना कळलं असतं. आणि चैत्रात एका सकाळी पुन्हा तो वास आला, नेहमीपेक्षा जास्त. जाऊन बघते तर बायजाबाई ढीगभर तंबाखू घेऊन तव्यापाशी बसलेली. शेजारी पितळेचा नवा डबा. जाईच्या रुखवतात आजीकडून सासरच्या बायांना द्यायला ती मिसरी भाजत होती. गावातली कुठलीच आजी देऊ शकली नसती अशी भेट. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले विसरलीस का?

"मना लावू नको सांगलाय," ती म्हणाली. "तिना कोनी काय सांगलाय?"

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद. मांडव भरला होता. बायजाबाई पांढरं लुगडं नेसून पाटावर बसली, डाव्या गालात मिसरी धरली आणि सुरू झाली. मी मांडवाच्या कडेला उभी होते. सुरुवातीला शब्द जड येत होते, जीभ अडखळत होती. मग आवाज मोकळा झाला. उंबराच्या फांदीचा धवला, जात्याचा, हळदीचा. मला ते सगळे पाठ होते, कुठला शब्द कुठं तिला दुखणार हे मला आधीच कळत होतं आणि माझे दात आपोआप आवळले जात होते. ती मधून मधून पदर तोंडाला लावायची. दिघ्याकडच्या बायांना वाटलं नातीसाठी आजीला भरून येतंय, आणि त्याही डोळे पुसायला लागल्या. त्या सगळ्यांत पितळेचा डबा फिरत होता. जाईच्या सासूनं बोट तोंडात घातलं आणि अशी मिसरी आपण जन्मात लावली नाही म्हणाली. नंतर बायजाबाईचं लुगडं मी धुतलं. पदराचं टोक रक्तानं कडक झालं होतं.

ज्येष्ठात तिला परळला दाखल केलं. रोग मानेत उतरला होता. डॉक्टर गोटीरामवर ओरडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. तो खाली मान घालून ऐकत राहिला. जेवढं काढता आलं तेवढं त्यांनी काढलं. गाल गेला, खालच्या जबड्याची एक बाजू गेली, जिभेचा काठ गेला. शुद्धीवर आल्यावर तिनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि जो आवाज आला तो ऐकून ती स्वतःच दचकली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

त्या वॉर्डात मी तिच्याजवळ बरेचदा बसायचे. दुर्गाबाईला एसटी लागायची, आणि गोटीरामला बायांच्या वॉर्डात थांबू देत नव्हते. आजूबाजूला साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, मराठवाड्याच्या बाया, सगळ्यांची तोंडं पट्ट्यांत बांधलेली. बोलणं कुणालाच धड येत नव्हतं. बायजाबाई त्यांच्याकडं बघत पडलेली असायची. एके दुपारी तिनं माझा हात ओढला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बोट दाखवलं. मग पलीकडचीचं. मग आपलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. प्रत्येकीच्या पेरावर आणि नखाच्या कडेला तोच काळपट डाग होता, इतके दिवस हॉस्पिटलात राहूनही न गेलेला. ती ताडकन उठून बसली. नळ्या ओढल्या जातील म्हणून मी तिला धरलं. ती दोन्ही हातांनी हवेत डब्याचा आकार करत होती आणि बाहेर दाराकडं बोट दाखवत होती. पुन्हा डबा, पुन्हा दार. मला समजायला वेळ लागला. तिला जाईला दिलेला डबा परत आणायचा होता.

मी दिघ्याला गेले. जाईची सासू प्रेमळ बाई, मला चहा दिला, कपही नीट दिला. मी डब्याचं विचारलं तर ती हसली. आजीची मिसरी केव्हाच संपली म्हणाली, आता आमची जाईच भाजते, अगदी आजीसारखीच. जाई आतून लाजत पुढं आली. तिनं बोलायला तोंड उघडलं तेव्हा हिरड्यांवर काळी रेघ दिसली. सून म्हणून आल्यावर सासूबरोबर बसून लावायची असते, म्हणून लावायला लागली होती. आजीचा एकही धवला पोरीनं घेतला नाही, आणि हे मात्र तव्याच्या आचेसकट उचललं होतं. मिसरीनं तोंडाचं काय होतं ते मी दोघींना सगळं सांगितलं, बायजाबाईचं नाव मात्र घेतलं नाही. सासू म्हणाली, तिची आई म्हातारी होऊन गेली तरी लावत होती, तिला कुठं काय झालं? जाईनं माझ्यासमोर होकाराची मान हलवली. तो होकार सासूच्या बोलण्याला होता, हे मला दिसत होतं. आजीला गालाला गाठ झाली होती ती काढली, एवढंच तिला घरच्यांनी सांगितलं होतं. पुढचं सासूसमोर बोलायला बायजाबाईच्या घरच्यांची मला बंदी होती, आणि सासू काही उठून आत जात नव्हती.

बायजाबाई घरी आली ती पदरानं तोंड झाकून. गालाला भोक राहिलं होतं, पेज दिली तर अर्धी त्यातून बाहेर यायची. वास यायचा. जिच्यासाठी पाट मांडून बाया वाट बघायच्या, तिच्या घरावरून जाताना त्याच बाया पोरांना पलीकडच्या बाजूला घ्यायला लागल्या. हा रोग उडून लागतो म्हणून कुणीतरी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. लग्नाचा हंगाम आला, गेला. तिच्याकडं कुणी आलं नाही, नुसतं बसायलाही नाही. दुर्गाबाईनं तिची ताट-वाटी वेगळी केली. आणि एके सकाळी मी पडवीत गेले तर कोनाड्यात एक कप उपडा ठेवलेला होता.

वेगळा कप म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. माझं डोकं फिरलं. दुर्गाबाईला मी नाही नाही ते बोलले. ती बिचारी म्हणाली, बाया येत नाहीत, दळायलासुद्धा कुणी बरोबर येत नाही, मी काय करू? तेही खरंच होतं. मी तो कप घेतला, त्यात चहा ओतला आणि बायजाबाईच्या समोर बसून प्याले. मग त्याच कपातून तिला चमच्यानं पाजला. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला तो जुना कप आठवला असणार, कारण तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. त्या दिवसापासून मी रोज सकाळी तिच्याकडंच चहा प्यायचे.

बालवाडीत पोरांना सोडायला आया यायच्या, त्यांना मी दारातच थांबवून तोंडं उघडायला लावायला लागले. धर्मराजांचा टॉर्च मी त्यासाठी कायमचा पळवला होता. काही चिडल्या, काहींनी पोरं पाठवायची बंद केली. दोघी परळला जाऊन वेळेत बऱ्या झाल्या. पण बायजाबाईचं लक्ष तिकडं नव्हतं. तिला एकच विचारायचं असायचं. मी दिघ्याकडून कुणी आलं-गेलं की चौकशी करायचे आणि तिच्याकडं आले की ती भुवया उचलायची. मी खोटं बोलू शकले नाही. अजून लावते, असं सांगायचे, आणि ती भिंतीकडं तोंड करायची. तिचं वजन इतकं उतरलं होतं की कूस बदललेलीसुद्धा कळायची नाही. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. ती कशासाठी थांबली होती ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी आषाढात जाई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. रोगाची बातमी दिघ्यालाही पोचली होती आणि तोवर सासरच्यांनी तिला पाठवलं नव्हतं, पोटुशीनं अशा घरात जाऊ नये म्हणून. आली ती आजीच्या खोलीच्या दारापर्यंतच गेली, आणि वास आला तशी नाकाला पदर लावून परसात पळाली. बायजाबाईनं पदर आणखी ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेले तेव्हा जाई मागच्या पायरीवर बसली होती, पितळेचा डबा मांडीशी, बोट तोंडात.

बायजाबाई उठली. किती दिवसांत ती आधाराशिवाय उठली नव्हती. भिंत धरत धरत परसाच्या दारात आली. तिनं काहीतरी बोलायला सुरुवात केली, तो घशातला ओला आवाज, एकसारखा.

"काकी, आजी काय बोलते?" जाईनं मला विचारलं. "मना नाय समजत."

मी सांगायला तोंड उघडलं तर बायजाबाईनं हात वर करून मला थांबवलं. ती नातीसमोर पायरीवर बसली. तिनं तोंडावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. जाईनं तो चेहरा तोवर पाहिलेलाच नव्हता. ती मागं सरकली, पण बायजाबाईनं तिचा हात पकडला, त्यातलं ते काळं बोट वेगळं केलं, आणि आपल्या गालाच्या भोकात घातलं. आत जिथं ती मिसरी ठेवायची तिथं आता काहीच नव्हतं. जाईचं बोट गालातून जाऊन उरलेल्या जिभेला लागलं असेल. बायजाबाईनं ते तिथंच धरून ठेवलं. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणी हात सोडवून घेत नव्हतं.

मग बायजाबाईनं हात खाली घेतला. चुलीतली राख आणून दे म्हणून मला खूण केली. मी राख आणि तांब्या आणला. तिनं जाईचं ते बोट राखेनं घासलं, पाणी घातलं, पुन्हा घासलं, लहानपणी तिचे मातीचे हात धुवायची तसं. डाग गेला नाही. ती घासत राहिली, शेवटी जाईनंच दुसऱ्या हातानं तिचा हात थोपवला आणि कपाळ तिच्या खांद्यावर टेकलं. दारात येऊन दुर्गाबाई रडत रडत जाईला सगळं सांगायला लागली, लग्नासाठी आजी कशी थांबली ते. जाईनं मान वर केली नाही.

श्रावण लागला आणि बायजाबाई गेली. सकाळी मी चहाचा कप घेऊन गेले तेव्हा ती गेलेली होती, आणि जाई तिच्या अंथरुणाशी बसून होती. वर्षभर न फिरकलेला गाव त्या दिवशी लोटला. मेल्यावर रोग उडत नाही, असं बहुतेक त्यांना वाटत असावं. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. पुरुष तिला घेऊन खाडीच्या बाजूला गेले आणि बाया पडवीत दाटीवाटीनं बसल्या. कोणी तिच्या मिसरीची आठवण काढली, कोणी म्हणाली आता असे धवले कोण म्हणणार. तिचे शब्द त्या क्षणी माझ्या तोंडात होते, ते मी गिळले.

मयताच्या घरी बसलेल्या बायांपुढं चहा आणि मिसरी ठेवायची तिथली रीत. दुर्गाबाईला रडण्यात भान नव्हतं, तरी रीत हाताला माहीत होती. ती आत गेली आणि पितळेचा डबा घेऊन बाहेर आली. पहिल्या बाईनं हात पुढं केला. तेवढ्यात जाई दिवस भरलेलं पोट सावरत उठली, आईच्या हातातून डबा घेतला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. बायांना वाटलं ती आधी स्वतः लावेल आणि पुढं देईल. त्या थांबल्या. मग तिच्या सासूनं, दिघ्याहून आली होती ती, हळूच म्हटलं, "दे गो, बाया ताटकलल्या."

जाईनं नुसती नाही म्हणून मान हलवली. सासू पुन्हा बोलली, दुर्गाबाई बोलली, कोणी कुजबुजलं. ती कुणाकडं बघत नव्हती. पुरुष अंघोळ करून परत आले, बाया एकेक करून उठून गेल्या, सासूही बाहेर जाऊन बसली, आणि पडवीत आम्ही दोघीच उरलो तरी तिचे हात त्या झाकणावरच होते.